चौथा गडी

१

वीज आली की मी आधी मागच्या खोलीत जाते. कॉफी नंतर. बॅटरीची तार काढायची, भिंतीतली तार लावायची, पंखा फिरतोय का बघायचं. मग छपरांवरून गेलेल्या तारांतून गल्लीला जाग येते. कुणी कोरियन मालिका बघतं, कुणी समोरासमोर राहून एकमेकांशी चॅट करतं, पोरं खेळात गोळ्या झाडतात. कायबारिएन या आमच्या समुद्रकाठच्या गावाच्या या टोकाला खरं इंटरनेट परवडत नाही, आणि परवडलं तर चालत नाही. म्हणून गल्लीनं स्वतःचं जाळं विणलंय. त्या जाळ्याचं पोट म्हणजे आमच्या मागच्या खोलीतला सर्व्हर.

सर्व्हर म्हणजे काय, एका बंद पडलेल्या कचेरीतून निघालेलं उंच पत्र्याचं खोकं. खाऱ्या हवेनं त्याच्या कडा कुरतडल्या होत्या. नवं मशीन घरात येऊन पडलं होतं. आईनं समुद्रापलीकडून, टॅम्पाहून एका ओळखीच्या बाईच्या सामानात घालून पाठवलेलं, जेमतेम चपलांच्या खोक्याएवढं. ते कपाटावर धूळ खात होतं, कारण आमचे आबा.

"थांब जरा," आबा म्हणायचे. "उन्हाळा जाऊ दे. या विजेच्या धक्क्यांत नवं जळलं म्हणजे?"

"आणि जुनं मेलं म्हणजे?"

"तेव्हा बदल."

"मेल्यावर डॉक्टर बोलवायचा का?"

"आपल्याकडे तसाच येतो तो," असं म्हणून स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसायचे.

माझे आबा, म्हणजे आजोबा एवेलियो, आयुष्यभर एकच काम मन लावून करत आले: वाट बघणं. पावाची, बसची, बढतीची, आईच्या फोनची. त्यांची सगळी पिढीच तशी. आम्ही काही करायला उठलो की यांचा हात आमच्या खांद्यावर, खाली दाबणारा. मी सांता क्लारातलं इंजिनिअरिंग मधेच सोडून आले तेव्हाही हेच. "थांबली असतीस तर पदवी मिळाली असती." मिळाली असती. मग ती नावापुढे लावून मी कुठल्या रांगेत उभी राहणार होते, ते कुणी सांगितलं नाही.

तर एका दुपारी जुन्या मशीनमधून आवाज यायला लागला. टक टक. मग शांतता. मग पुन्हा टक टक.

२

हा आवाज कुठल्याही मेकॅनिकला कळतो. डिस्क मरायला टेकली की आतली सुई जागा शोधत आपटते. मी आबांना म्हटलं, झालं तुमचं समाधान? उद्याच बदलते. ते टॅबमध्ये डोकं खुपसून बसले होते, नेहमीसारखे.

हा टॅब त्यांच्या हातात मीच दिला होता. आबा आणि पलीकडच्या गल्लीतले कांदिदो काका पन्नास वर्षं आमच्या ओसरीत डॉमिनो खेळले. मग काकांचे पाय गेले. दोन म्हातारे एकमेकांच्या नावानं झुरायला लागले, म्हणून मी सर्व्हरवर डॉमिनो बसवला. काकांची बायको सोइला काकू स्वयंपाक करता करता फोनवरून खेळायची. हे तीन झाले. चौथा गडी मिळेना. म्हणून चौथा मीच लिहिला. एक छोटा, मठ्ठ प्रोग्रॅम. टोकाच्या ठिपक्यांशी जुळणारी सोंगटी असेल तर त्यातली जड आधी टाकायची, नसेल तर पास म्हणायचं. बस्स. त्याला याहून जास्त अक्कल मी दिली नव्हती.

मी डिस्क तपासायला लावली. तपासणी पूर्ण झाली. एकही चूक नाही. डिस्क ठणठणीत.

"बघ," आबा ओसरीतून ओरडले. "म्हातारं ते सोनं."

मी खोक्याचं झाकण काढलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर ठेवून मूठ कानाला लावली. असं ऐकलं की आतला आवाज थेट हाडात उतरतो. डिस्क एकसारखी गुणगुणत होती. आणि तरी आवाज आला, टक टक, खालून. मी टोक मशीनखालच्या टेबलावर ठेवलं.

आवाज लाकडातून येत होता.

वाळवी असेल म्हटलं. वाळवी अशी दोनदाच ठोकून थांबत नाही, हेही मला कळत होतं. पण माणसाला वाळवी बरी वाटते.

३

चार दुपारी मी ऐकत बसले तेव्हा लक्षात आलं की आवाज डॉमिनो चालू असतानाच येतो. बाकी गल्लीभर सिनेमे चालू असले तरी लाकूड गप्प.

सर्व्हरच्या पडद्यावर मला चौघांचे हात उघडे दिसतात. मी खेळ बघत बसले. फळीवर मांडलेल्या सोंगट्यांच्या रांगेच्या एका टोकाला तीन ठिपके, दुसऱ्याला सहा. चौथ्या गड्याची पाळी. त्याच्या हातात सहा-एक होती, सरळसरळ जुळणारी.

त्यानं पास म्हटलं. टेबलातून आलं, टक टक.

तेव्हा मला आवाज ओळखू आला. आमच्याकडे पास म्हणायला कुणी तोंड उघडत नाही. बोटाच्या सांध्यानं टेबलावर दोनदा ठोकायचं. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे शिकलेलं असतं. माझ्या प्रोग्रॅमला बोटं नाहीत. आणि हातात सोंगटी असताना त्याला पास म्हणताच येत नाही. ती ओळ मी लिहिली होती, मी पुन्हा वाचली, मोठ्यानं वाचली. येत नाही म्हणजे येत नाही.

मी ओस्मानीला बोलावलं. छपरांवरच्या तारा तो बघतो, माकडासारखा.

"तुझ्या प्रोग्रॅममध्ये बग असेल, ढेकूण," तो म्हणाला.

"सात ओळींत कुठे लपेल ढेकूण?"

"ढेकूण कुठेही लपतो. माझ्या मावशीच्या गादीत..."

"ओस्मानी."

"बरं बाई. बदल मशीन. नाहीतर थांब, बघू काय होतंय. चालतंय ते चालू दे."

"तूपण म्हातारा झालास का रे?"

तो हसला. तेवढ्यात टेबल दोनदा वाजलं. त्याचं हसू तोंडावर राहिलं, पण त्याच्या आत काही उरलं नाही.

४

वाईट पुढे झालं, आणि ते आवाजापेक्षा वाईट होतं.

"आबा, जेवायला वाढू?"

ओसरीत खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट. टक टक.

मला वाटलं, खेळात रंगलेत. ताट नेलं. त्यांनी ताटाकडे बघितलं आणि पुन्हा टक टक. काळी उसळ, भात, त्यांच्या आवडीचं तळलेलं केळं. माशा बसेपर्यंत ते तसंच राहिलं.

"आईचा फोन आहे, घ्या."

टक टक.

आई तिकडून हॅलो हॅलो करत राहिली. जो माणूस त्या फोनसाठी रविवारची सबंध सकाळ नवा शर्ट घालून बसायचा, तो.

मी आत धावले, पडदा बघितला. आबांच्या हातात एकच सोंगटी शिल्लक होती, पाच-चार. फळीच्या एका टोकाला चार. ती टाकली की डाव त्यांचा. ते पास म्हणत होते. कांदिदो काकांच्या हातातही जुळणारी होती. पास. सोइला काकूचाही पास, पण ती तर वाफेच्या भांड्याशी उभी राहून न बघताच अंगठा दाबत असणार. मग चौथा. टक टक. आणि पुन्हा आबा.

डाव अडला तर तो मोडून नवा सुरू करायचा, एवढं मी प्रोग्रॅमला शिकवलं होतं. पण अडला कधी म्हणायचं? कुणाकडेच जुळणारी सोंगटी नसेल तेव्हा. इथे प्रत्येकाकडे होती. म्हणून डाव अडत नव्हता आणि संपतही नव्हता. पास फिरत होता. बैल घाण्याला फिरतो तसा.

मी आणि ओस्मानी कांदिदो काकांकडे गेलो. काका खिडकीशी खुर्चीत, टॅब मांडीवर, बोट लाकडी कठड्यावर. त्या बोटाचा सांधा सोलवटला होता.

"काकू, हे बंद करते. मशीनच बदलते आज."

"अगं, हा डाव होऊ दे," सोइला काकू कढईतून वर न बघता म्हणाली. "मधेच टेबल उठवतात का कुणी? तुझ्या आईनं एवढंही शिकवलं नाही?"

आणि मी थांबले. मी. आयुष्यभर या लोकांना थांबण्यावरून शिव्या घालणारी मी, त्यांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, कारण चालू डाव मोडायचा नसतो हे माझ्याही हाडात मुरलेलं होतं. आमच्याकडे वादळ आलं तरी माणसं हातातला डाव संपवून मग खिडक्या लावतात. काकूनं कॉफी दिली. ओस्मानीनं दोन कप घेतले. काका ठोकत राहिले.

"काका, पाणी?"

टक टक.

"उद्या येते," मी म्हटलं. "तोवर होईल यांचा डाव."

दुसऱ्या दिवशी काकू दारातच भेटली. काका खुर्चीतच गेले होते, डोळे टॅबवर.

"म्हणाले होते, एवढा डाव झाला की उठतो," काकू म्हणाली. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आता काहीतरी सांगेन.

५

काकांना पोचवून मी घरी आले. त्यांचा टॅब चार्जिंग संपून बंद पडलेला होता, मी स्वतः बघितला होता. काकूनं फोन कपाटात टाकला होता. मी मागच्या खोलीत गेले, पडदा बघितला.

कांदिदो: पास. सोइला: पास. चौथा: पास. एवेलियो: पास.

ओसरीतून, टक टक. टेबलातून, टक टक.

याला कारण सापडलं असतं. मशीन अडकलंय, जुन्या खेळ्या पुन्हा पुन्हा दाखवतंय, असं काहीतरी. मला कारण नको होतं. कारणं शोधत बसणं म्हणजेही थांबणंच. कपाटावरून नव्या मशीनचं खोकं काढलं. ओस्मानीला हाक मारली.

"आत्ता? वीज गेलीये."

"म्हणूनच आत्ता."

वीज खरंच गेली होती, दुपारचं ऊन फटींतून आत येत होतं. जुनं मशीन मोटारसायकलच्या बॅटरीवर चालू होतं. मी हात घातला आणि बॅटरीची तार उपटली. पंखा हळू होत होत थांबला. पडदा काळा. गल्लीतून पोरांचा ओरडा आला, कुणीतरी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाकी सगळं शांत.

टक टक.

ओस्मानी भिंतीला टेकला. "ओसरीतून येतंय," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. आम्हा दोघांनाही कळलं होतं की ओसरी त्या बाजूला नाही.

मी ओसरीत गेले. आबांच्या मांडीवरचा टॅब चालूच होता. डाव चालू होता, पाळ्या फिरत होत्या, कुठल्याही सर्व्हरशिवाय. आबांचा चेहरा शांत होता. तेच मला सहन झालं नाही. इतकी शांतता मी त्या चेहऱ्यावर कधी बघितली नव्हती.

"आबा, पाच-चार टाका."

टक टक.

"आबा! हातात आहे तुमच्या. टाका."

ते बोलले. दोन-तीन दिवसांनी पहिल्यांदा. दुरून बोलल्यासारखे. "माझ्याकडे काही नाही गं."

"ही काय!"

"तिथे काही नाही."

मी त्यांचा हात पकडला. हे ऐंशीच्या घरातलं माणूस, दोन-तीन दिवस अन्नाला न शिवलेलं, आणि तो हात हलेना. खुर्चीला रुजल्यासारखा. मी गुडघ्यावर बसले, दोन्ही हातांनी ओढला, शिव्या दिल्या. त्यांना, त्यांच्या पिढीला, मला. ओस्मानी आला, त्यानं मनगट धरलं. आम्ही दोघांनी मिळून ते बोट त्या सोंगटीवर आणलं आणि दाबलं.

पाच-चार फळीवर बसली. आबांचा हात रिकामा. डाव संपला.

टॅब विझला.

आणि मागच्या खोलीतून सोंगट्या पिसल्याचा आवाज आला. त्याला आम्ही पाणी देणं म्हणतो. पालथ्या सोंगट्या तळहातांनी गोल गोल फिरवायच्या, तो लाटांसारखा खळखळाट. नवा डाव मांडायच्या आधीचा. एका माणसाच्या दोन तळव्यांचा आवाज मला माहीत आहे. हा त्याहून फार मोठा होता.

ओस्मानी म्हणाला, "जाऊ नकोस."

मी गेले. दार उघडंच होतं. पत्र्याचं खोकं मेलेलं, तारा लोंबत होत्या. उन्हाची एक तिरीप टेबलावर पडली होती. टेबलावरच्या धुळीत गोल उमटत होते. एकात एक, सावकाश, टेबलाच्या तीन बाजूंनी. माझ्याकडची बाजू मात्र कोरी होती. तिथली धूळ कुणी हलवली नव्हती. कुणासाठी तरी जागा सोडलेली असते, तशी.

मी खोकं उचललं. आवाज थांबला.

६

मी ते धक्क्याच्या टोकाला नेऊन समुद्रात टाकलं. सबंध.

"निदान मेमरी तरी काढू दे," ओस्मानी वाटभर विनवत होता. "पंखा चांगला आहे त्याचा. स्क्रू तरी!"

आमच्याकडे कुणी काही फेकत नाही. मेलेल्या फ्रिजचं कपाट होतं, कपाटाची खुर्ची होते. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. टेबल मी अंगणात जाळलं. खारं लाकूड हिरवं जळतं.

नवं मशीन लावलं. वीज येते, जाते, ते अजून जळलेलं नाही. त्याच्यावर सिनेमे आहेत, चॅट आहे, गोळ्या झाडायचे खेळ आहेत. डॉमिनो नाही. गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी विचारलं, मी सांगितलं, खेळायचं असेल तर पाय वापरा.

आबा परत आले. म्हणजे जेवतात, आईशी बोलतात, मला टोचतात. पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. गप्प बसायची भीती वाटत असावी. काय झालं ते मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "काही नाही, बसलो होतो." तेवढंच.

७

काही आठवड्यांनी सोइला काकू आली, काकांच्या सोंगट्यांचा लाकडी डबा घेऊन. खऱ्या सोंगट्या, कडा झिजलेल्या. "घरात आवाज नाही," ती म्हणाली.

आम्ही ओसरीत बसलो. दिवसाउजेडी, रस्त्यावर पोरं, शेजारी रेडिओ. काकू, आबा, ओस्मानी आणि मी. मला डॉमिनो आवडत नाही, पण चौथं कुणीतरी माणूस हवं होतं, आणि ते मीच व्हायचं ठरवलं होतं.

"ही हरणार," आबा ओस्मानीला म्हणाले. "हिचं डोकं सगळं तारांत."

"तुमचं कुठे होतं?" मी म्हटलं.

काकू फसकन हसली. काका गेल्यापासून पहिल्यांदा.

डाव चांगला चालला. मग माझी पाळी आली. फळीच्या एका टोकाला पाच, दुसऱ्याला दोन. मी हातातल्या सोंगट्या बघितल्या. पाच नाही. दोन नाही. पुन्हा बघितल्या, एक एक करून. नाहीच.

"काय गं?" आबा म्हणाले.

"पास असेल तर ठोक," ओस्मानी म्हणाला. मग काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं मान खाली घातली.

माझी मूठ वळली होती. टेबलाच्या वर, सांधा खाली. ती मी वळवली नव्हती. आणि मला बरं वाटत होतं, सांगायला लाज वाटते. उन्हात डुलकी यावी तसं. काही करायला नको, एवढी एक पाळी जाऊ दे, मग बघू.

मी मूठ उघडली. उघडायला जोर लागला. दोन्ही हातांनी माझ्या सगळ्या सोंगट्या टेबलावर उताण्या पाडल्या.

"घ्या. मी हरले. ठोकणार नाही."

"अगं, हा काय खेळ झाला?" आबा चिडले. "डाव नासवलास. असं कुणी..." आणि ते थांबले. पुढे वाकले. एका सोंगटीवर त्यांनी बोट ठेवलं.

"ही काय मग?"

दुहेरी पाच. पांढरी, दहा काळे ठिपके, टोकाला. मघापासून माझ्या अंगठ्याखालीच होती. तिघंही माझ्याकडे बघत होते आणि कुणी हसलं नाही.

"दिसली नाही?" आबांनी हळू विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी खरोखर माहीत करून घ्यायला विचारलं.

"नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. या वेळी दाबायला नाही.

"लाव," ते म्हणाले. "आत्ता लाव."

मी ती उचलली आणि लावली.